दोन सीटच्या गाडीत कुत्र्याला नेताना: एअरबॅगच्या स्विचपासून घाटातल्या वळणापर्यंत

पुण्याजवळच्या बोपदेव घाटात त्या सकाळी माझा वेग काही फार नव्हता. पुढचा टेम्पो वळणावर अचानक थांबला, मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. स्पोर्ट्स कारचे ब्रेक असतातच तसे. माझी कुत्री भुरी मात्र थांबली नाही. तिला मी शेजारच्या सीटवर नुसतंच बसवलं होतं. ती डॅशबोर्डवर आपटली आणि खाली पाय ठेवायच्या जागेत पडली. एक नख मुळापासून निघालं, ओठ फाटला. जखमा पंधरा दिवसांत भरल्या, पण पुढचे तीन महिने गाडीचा आवाज आला की ती जिन्याखाली जाऊन बसायची.

चूक सर्वस्वी माझी होती. त्या तीन महिन्यांत आणि नंतरच्या चार वर्षांत मी जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पुण्यात आता झेड४, बॉक्सस्टरसारख्या दोन सीटच्या गाड्या पहाटे घाटाकडे जाताना दिसतात आणि त्यांतल्या काहींत शेजारी कुत्रा बसलेला असतो. बहुतेक वेळा तो बांधलेला नसतो. ते पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आधी थोडा हिशेब

मोठ्या गाडीत कुत्रा मागच्या सीटवर बसतो. दोन सीटच्या गाडीत मागची सीटच नाही. म्हणजे त्याची जागा पुढे, डॅशबोर्डसमोर. बाकी सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

शेजारी माणूस असेल तर तो रस्ता बघत असतो. वळण येतंय हे त्याला दिसतं, तो आपोआप अंग सावरतो, दाराचं हँडल धरतो. कुत्र्याला पुढचं वळण कळत नाही आणि धरायला त्याच्याकडे फक्त नखं आहेत, तीही गुळगुळीत लेदरवर. गाडी करकचून थांबते तेव्हा कुत्र्याला पुढे ढकलणारा जोर जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाइतका असतो. गाडी नाकावर उभी केली आणि कुत्रा सीटवरून डॅशबोर्डवर पडला, असं डोळ्यांसमोर आणा. तेच घडतं.

टक्कर झाली तर आकडे फार वाढतात. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरलं, तर १५ किलोच्या कुत्र्यावर साधारण ३०० किलो वजनाइतका जोर येतो. एवढा जोर हातांनी धरून थोपवणं कोणालाच शक्य नाही.

पहिली पायरी: कुत्रा या गाडीसाठी योग्य आहे का?

आपल्या गावठी कुत्र्यांसारखा मध्यम बांध्याचा, १२ ते २० किलोचा कुत्रा या सीटवर नीट मावतो. बीगलही मावतो. लॅब्रॅडॉर मावतो, पण त्याला अंग वळवायला जागा उरत नाही, म्हणून त्याच्यासोबत अर्ध्या तासापेक्षा जास्त जाऊ नये असं माझं मत आहे. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशांना या गाडीत बसवूच नका. त्यांचं डोकं छताला लागतं आणि धड ड्रायव्हरच्या हातावर येतं.

पग, बुलडॉग, शिह त्झू या चपट्या नाकाच्या जातींबद्दल मी जास्त कडक आहे. कुत्रा धाप टाकून अंग थंड करतो आणि या जातींना तेच नीट जमत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत त्यांना अशा गाडीतून फिरायला नेऊ नये.

म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी मात्र या गाडीची एक गोष्ट चांगली आहे. ती जमिनीलगत असते, त्यामुळे उडी मारावी लागत नाही. दाराखालचा उंबरा रुंद असतो तेवढा. एक हात छातीखाली आणि एक मांडीखाली देऊन चढवा आणि तसंच उतरवा. कंबरेचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण या गाड्यांचं सस्पेन्शन कडक असतं आणि पुण्यात प्रत्येक गतिरोधकाचा धक्का थेट मणक्याला बसतो.

दुसरी पायरी: एअरबॅग

शेजारच्या सीटची एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. ती मोठ्या माणसाच्या छातीचा अंदाज धरून बनवलेली असते. त्या जागी कुत्र्याचं डोकं असेल तर ती त्याचा जीव घेऊ शकते. सन व्हायझरवर लहान मुलांच्या सीटबद्दल इशाऱ्याचं चित्र असतं, त्यामागचं कारणही हेच.

काही गाड्यांत डॅशबोर्डच्या कडेला, शेजारचं दार उघडल्यावर दिसणारा, किल्लीने फिरवायचा स्विच असतो. काहींत तो स्क्रीनवरच्या मेन्यूत असतो. गाडीचं मॅन्युअल उघडा आणि शोधा. बंद केल्यावर ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’चा दिवा लागलेला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काही गाड्यांत सीटखालचा सेन्सर वजन ओळखून एअरबॅग आपोआप बंद करतो म्हणतात. त्याच्या भरवशावर राहू नका. कुत्रा उठतो, बसतो, पुढचे पाय दारावर ठेवतो, तसं सीटवरचं वजन बदलत राहतं.

स्विच नसेल, तर त्या गाडीत कुत्र्याला पुढे बसवू नये. मला यात मधला मार्ग दिसत नाही. सीट मागे सरकवल्याने धोका थोडा कमी होतो, संपत नाही. पोर्शे ९११ सारख्या गाडीत मागे छोट्या सीट असतात, तिथे कुत्रा बसू शकतो, आणि ती जागा पुढच्यापेक्षा कितीतरी बरी.

आणि घरी आल्यावर स्विच पुन्हा चालू करा. संध्याकाळी त्याच सीटवर तुमची आई बसणार असते. मी किल्लीच्या जुडग्याला लाल दोरा बांधला आहे. एअरबॅग बंद असेल तेव्हा तो दोरा स्टिअरिंगला लटकतो.

कुत्र्याला मांडीवर घेऊन शेजारी माणूस बसवायचा, ही पद्धत सगळ्यांत वाईट. एअरबॅग चालू असेल तर कुत्रा दोघांच्या मधे चिरडतो, बंद असेल तर माणूस उघडा पडतो. दोन सीटच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी एक तर माणूस किंवा कुत्रा. आणि डिकीत, मागच्या असो वा पुढच्या, कुत्रा कधीही ठेवू नका. तिथे हवा खेळत नाही.

तिसरी पायरी: बसायची जागा

बकेट सीट माणसाच्या पाठीला धरून ठेवते, पण कुत्र्याच्या दृष्टीने तो एक खड्डा आहे. मधे खोल, दोन्ही बाजूंना उंच. त्यात त्याला धड आडवं होता येत नाही, धड उभंही राहता येत नाही. म्हणून आधी तो खड्डा भरा. नाना पेठेत सीट कव्हर शिवणाऱ्यांकडे कडक फोम सीटच्या मापाने कापून मिळतो. वरची बाजू सपाट आणि पाठीकडे जरा उतार, असा कापून घ्या, म्हणजे कुत्रा आपसूक मागे रेलतो. मऊ फोम घेऊ नका, त्यावर पाय रुततात आणि तोल जातो.

फोमवर जाड सुती गोधडी घाला. बाजारातली नायलॉनची कव्हरं लेदरवर घसरतात. घरच्या जुन्या गोधडीला नखांनी धरता येतं, घरचा वास असतो आणि धुताही येते. गोधडीच्या मागच्या कडेला दोन नाड्या शिवून हेडरेस्टला बांधा.

चौथी पायरी: बांधायचं कसं

गळ्यातल्या पट्ट्याला कधीही बांधू नका. ब्रेक लागला की सगळा भार मानेवर येतो. छातीवर रुंद, अस्तर लावलेला पट्टा असलेलं हार्नेस घ्या. घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढं घट्ट हवं. फिरायला नेण्याचं हार्नेस आणि गाडीचं हार्नेस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फिरायच्या हार्नेसचं प्लॅस्टिकचं बकल ओढ सहन करतं, धक्का नाही. क्रॅश टेस्ट झालेलं हार्नेस महाग पडतं, पण या गाडीवर जेवढे टायरचे पैसे जातात त्यापुढे ते काहीच नाही.

बकलमध्ये खोचायची छोटी क्लिप दुकानात सहज मिळते. मी ती वापरत नाही. कुत्र्याचा पंजा बकलच्या लाल बटणावर पडला की ती सुटते. त्यापेक्षा गाडीचा सीटबेल्टच हार्नेसच्या पाठीवरच्या वेटोळ्यातून ओवून बकलमध्ये लावा. काही गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो टकटक करत आत जातो आणि पुन्हा सैल होत नाही. तुमच्या गाडीत ही सोय असेल तर ती वापरा. नसेल तर कुत्रा गोल फिरून बेल्ट अंगाभोवती गुंडाळून घेतो, म्हणून लहान दोरीने लांबी बांधून टाका.

लांबी किती? कुत्र्याला बसता यावं, आडवं होता यावं, पण तोंड गिअरपर्यंत पोचू नये आणि पुढचे पाय दाराच्या काठावर जाऊ नयेत. गाडी उभी असताना खाऊ दाखवून पुढे बोलवा आणि तो कुठपर्यंत येतो ते बघा.

सात-आठ किलोच्या आतला कुत्रा असेल तर पिंजऱ्यासारखी कडक पेटी शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत अडकवून ठेवता येते. पेटी हलता कामा नये. मात्र निघण्याआधी वीस मिनिटं गाडी चालवून त्या जागेच्या फरशीला हात लावून बघा. काही गाड्यांत खालून एक्झॉस्ट जातो आणि फरशी चांगलीच तापते. इंजिन सीटच्या मागे असलेल्या गाडीत हाच हात सीटच्या पाठीमागच्या भिंतीलाही लावा.

पाचवी पायरी: आवाजाशी ओळख

आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. थंड इंजिन सुरू होताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये जो घुमतो, तो आवाज त्याला आपल्यापेक्षा जास्त टोचतो. भुरीला परत गाडीत आणायला मला जे करावं लागलं ते असं.

पहिले चार-पाच दिवस गाडी बंद. दोन्ही दारं उघडी, सीटवर गोधडी, गोधडीवर उकडलेल्या चिकनचे तुकडे. चढायला सांगायचं नाही. चढली तर चढली, नाही तर आपण पायरीवर बसून राहायचं. नंतर दोन दिवस गाडीत बसून हार्नेस घालणं आणि काढणं एवढंच. पुढे कोणीतरी घरच्याने गाडी सुरू करायची आणि आपण कुत्र्याला घेऊन वीस-पंचवीस पावलं दूर उभं राहायचं. तो कान मागे घेत असेल, ओठ चाटत असेल, सारखी जांभई देत असेल, तर अंतर वाढवा. रोज दोन पावलं जवळ. एक्झॉस्टचा आवाज कमी करायचं बटण असेल तर कुत्रा सोबत असताना ते कायम दाबलेलंच ठेवा. शेवटी इंजिन सुरू असताना आत बसणं, मग पार्किंगमधून फाटकापर्यंत जाऊन परत.

कोणाला हे लवकर जमेल, आम्हाला सहा आठवडे लागले. घाई केली की पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

सहावी पायरी: पहिली फेरी

दहा मिनिटांची. रविवारी सकाळी सहाला कोथरूडहून निघून चांदणी चौकातून एनडीए रस्त्याला लागायचं. रस्ता बरा आहे, झाडी आहे, त्या वेळी हॉर्न नाहीत. निघण्याआधी तीन-चार तास खाणं नको, पाणी चालेल. परतताना वेताळ टेकडीच्या पायथ्याशी थांबून साखळीने थोडं फिरवा (तिथे मोर आहेत, मोकळं सोडू नका). गाडीचा शेवट आवडत्या जागी होतो हे त्याच्या मनात बसायला हवं. बऱ्याच कुत्र्यांसाठी गाडी म्हणजे फक्त डॉक्टरकडे जाणं असतं, मग ती का आवडेल?

लाळ गळायला लागली, अंग आखडून बसला, तर त्याला मळमळतंय. थांबा, उतरवा. पिल्लांना हे जास्त होतं आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचं कमी होतं. तरीही त्रास राहिला तर मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, डॉक्टर वजन बघून देतात. माणसांच्या उलटीच्या गोळ्या परस्पर देऊ नका.

चालवायचं कसं

याबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण बांधलं म्हणजे झालं असं अनेकांना वाटतं. हार्नेस जीव वाचवतं. फेरी सुखाची होते ती तुमच्या पायांमुळे.

शेजारच्या सीटवर काठोकाठ भरलेली कळशी ठेवली आहे असं समजून चालवा. घाटातलं एक वळण घ्या, समजा २० मीटर त्रिज्येचं. ताशी २२ किलोमीटरने ते घेतलं तर कुत्र्याला बाजूला ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका असतो. तो अंग जरा कलतं करून सहज सांभाळतो. तेच वळण ३६ ने घेतलं तर जोर वजनाच्या निम्मा होतो. वेग दीडपटीहून थोडा जास्त, ढकल अडीचपट. गाडीला ३६ चं काहीच वाटत नाही, ती त्याहून जास्तसाठी बनलेली आहे. म्हणूनच गाडी काय सांगते ते ऐकू नका, कुत्र्याचे पाय बघा. पंजे पसरून गोधडी पकडलेली दिसली की तुमचा वेग जास्त आहे.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावून संपवा. ॲक्सिलरेटर हळू सोडा, कारण या गाड्या पाय काढल्याबरोबर दचकतात. स्पोर्ट मोड नको. ऑटोमॅटिक असेल तर साध्या मोडमध्ये ठेवा, गिअर बदलताना झटके कमी बसतात. गतिरोधकावर खालचा भाग घासू नये म्हणून आपण गाडी तिरकी घेतो, तेव्हा कुत्रा आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला हेलकावतो. अगदी चालण्याच्या वेगाने घ्या. मी भुरीला प्रत्येक वेळी ‘हळू’ म्हणते. वर्षभरात तिला तो शब्द कळला, आता ऐकताच ती खाली बसते.

छप्पर आणि वारा

छप्पर उघडताना-मिटताना कुत्रा गाडीच्या बाहेर हवा. त्या सांध्यांत शेपूट किंवा पंजा सापडला तर मोटार थांबेलच याची खात्री नाही. काचांची बटणं लॉक करून ठेवा, पंजाने काच खाली जाते आणि वरही येते.

उघड्या छताने जायचं तर ताशी ५० च्या आत, आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. डोकं बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा फोटोत छान दिसतो, पण खडी वाहणाऱ्या डंपरच्या मागे एक कण डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते. कुत्र्यांचे गॉगल मिळतात. घरात आठवडाभर सवय केली तर बरेच कुत्रे ते ठेवून घेतात. भुरीने ठेवला नाही, म्हणून आमचं छप्पर फक्त रिकाम्या रस्त्यावर उघडतं. पांढऱ्या किंवा गुलाबी नाकाच्या कुत्र्यांची कातडी उन्हाने भाजते, तेही बघा.

ऊन

कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच ३८ ते ३९ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की आतल्या अवयवांना इजा व्हायला लागते. एप्रिलमध्ये बाहेर ३५ असताना बंद गाडीत दहा मिनिटांत दहाएक अंश वाढतात. काच चार बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. या गाड्यांची केबिन लहान आणि काच उताराची, त्यामुळे ऊन सरळ सीटवर येतं. ‘दोन मिनिटांत वडापाव घेऊन येते’ म्हणून कुत्र्याला आत ठेवणंही चालणार नाही. एकट्याने फिरत असाल तर खाणं घरून न्या.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहनातून नेणं हा गुन्हा आहे. तो आपल्यालाही लागू होतो, फक्त जनावरांच्या ट्रकला नाही.

जोरजोरात धाप, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, पाय लटपटणं, ही उष्माघाताची चिन्हं. सावलीत घ्या, पोट, काखा आणि जांघांवर साधं गार पाणी ओता, वारा घाला आणि एसी पूर्ण चालू करून डॉक्टर गाठा. बर्फ नको. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. यासाठी माझ्या गाडीत पिण्याच्या पाण्याखेरीज दोन लिटरच्या दोन बाटल्या कायम असतात. डिकी लहान आहे, पण त्या बाटल्यांसाठी बाकी काहीही काढून ठेवावं.

कुठे जावं

दहा-बारा छोट्या फेऱ्या झाल्यावर पौडपर्यंतचा मुळशी रस्ता घ्या. भूगावात कोंडी होते, म्हणून साडेसहाच्या आत ते पार करा. एक्सप्रेस-वे आपल्याला वाटतो त्यापेक्षा कुत्र्यांना सोपा जातो, वेग एकसारखा आणि घाट येईपर्यंत वळणं मोठी. पण तिथे मधेच कडेला थांबता येत नाही, म्हणून शू-शी आधी उरकून घ्या आणि फूड मॉलवरच थांबा. बोपदेवची वळणं तीव्र आहेत, दिवे घाटात मोठ्या गाड्यांची वर्दळ. दोन्ही नंतर. ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, त्या दिवसांत तिकडे फिरकू नका. गर्दी, टाळ-मृदंग, बंद रस्ते यांत कुत्रा बिथरतो आणि वारकऱ्यांनाही अडचण होते. ताम्हिणी पावसात सुंदर असतो, पण जुलैतल्या शनिवार-रविवारी तिथे धुकं, सेल्फी घेणारे आणि रस्त्यातच उभ्या गाड्या. मंगळवारी सकाळी जा.

दर पाऊण तासाने थांबा. थांबल्यावर आधी इंजिन बंद, मग साखळी हातात, मग सीटबेल्ट सोडायचा, आणि दार सगळ्यांत शेवटी. हा क्रम कधी मोडू नका. कुत्रा डाव्या दाराने, रस्त्याच्या कडेलाच उतरतो हे चांगलं आहे, पण ही गाडी इतकी खाली असते की गावातली मोकळी कुत्री थेट त्याच्या तोंडासमोर येतात. आधी आपण उतरून आजूबाजूला बघा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवा, चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसतो. गाडी बघायला लोक जमतात, मुलं हात पुढे करतात. मी सरळ सांगते, “दादा, तिला हात लावू नका, ती नवीन माणसांना घाबरते.” लोक ऐकतात.

सोबत लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो फोनमध्ये असू द्या, विशेषतः रेबीजच्या लशीचं पान. जाणार त्या बाजूच्या एका डॉक्टरांचा नंबर आणि गळ्यात तुमचा नंबर कोरलेला बिल्ला.

घरी आल्यावर

आधी पाणी, अर्ध्या तासाने खाणं. मग गोचीड तपासा. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात उतरलेल्या कुत्र्याला त्या हमखास चिकटतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप पुण्यात नेहमीचा आहे. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, हार्नेसच्या पट्ट्याखाली बोटं फिरवा. दोन-तीन दिवसांत खाणं सोडलं किंवा हिरड्या फिकट दिसल्या तर लगेच रक्त तपासून घ्या.

गाडीचंही थोडं बघा. केस एसीच्या फिल्टरमध्ये जातात, तो नेहमीपेक्षा लवकर बदलावा लागतो. छप्पर उघडणाऱ्या गाडीत पाणी वाहून जाण्याच्या बारीक नळ्या असतात. केस आणि पानं अडकून त्या तुंबल्या तर पहिल्या पावसात पाणी सीटखाली येतं, म्हणून मे महिन्यात साफ करून घ्या. ओल्या कुत्र्याच्या श्वासाने काच आतून धुरकटते, पावसात एसी चालूच ठेवा.

भुरीची गोधडी मी दर फेरीनंतर गच्चीत उन्हात टाकते. ती सुकून खाली आली की भुरी तोंडात धरून दाराशी नेऊन ठेवते आणि किल्लीच्या खिळ्याकडे बघत बसते.